धूर अनेकांना दिसला होता

14 एप्रिल 1944, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे मालवाहू जहाज उभे होते. 7,142 टनांचे हे जहाज दोनच वर्षांपूर्वी कॅनडातल्या प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले होते. 24 फेब्रुवारीला ते इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची करत 12 एप्रिलला मुंबईत लागले. महायुद्ध ऐन भरात होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीला लागणारा दारूगोळा मुंबईतूनच पुढे जात असे.

या जहाजात 1,395 टन स्फोटके होती. त्यातली 238 टन अतिशय संवेदनशील वर्गातली. त्याखेरीज पाणतीर, सुरुंग, तोफगोळे, खोक्यांत बांधलेली स्पिटफायर विमाने, तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड आणि 124 सोन्याच्या विटा. कराचीत त्यात आणखी भर पडली : कापसाच्या 8,700 गासड्या. कप्तान होते अलेक्झांडर नेस्मिथ. एरवी कोणत्याही दर्यावर्दीने हा माल एकत्र भरू दिला नसता, पण युद्धात जहाजांची टंचाई होती आणि नियम गुंडाळून ठेवायची सवय सगळ्यांनाच लागली होती.

दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या दुसऱ्या खणात, तळाला कापूस होता आणि वरच्या मजल्यावर दारूगोळा. पुढचे सगळे या मांडणीतून घडले.

कापूस कसा जळतो हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या शिवारात आज सोयाबीनचा पेरा जास्त आहे, पण कापसाशी या भागाचा संबंध जुना. जिनिंग-प्रेसिंगमध्ये हयात घालवलेला कामगार सांगेल की मोकळा कापूस भडकतो आणि दाबून बांधलेली गाठ धुमसते. गाठीत आतपर्यंत हवा अडकलेली असते. ठिणगी आत शिरली की ज्वाळा न दाखवता ती तासन्‌तास पोखरत जाते. बाहेर येतो तो धूर, तोही आधी पातळ. वरून पाणी मारले तर बाहेरचा थर भिजतो, आतला निखारा तसाच राहतो. म्हणून पेटलेली गाठ फोडून, उलगडूनच विझवावी लागते. जहाजाच्या तळाशी, हजारो गासड्यांच्या थप्पीत, वर दारूगोळा रचलेला असताना ते करणार कोण?

त्या दिवशी माल उतरवण्याचे काम रेंगाळत चालले होते. मुंबईत लागून 48 तास झाले तरी स्फोटके जहाजातच होती. स्फोटक माल असल्याची खूण म्हणून जहाजावर जे लाल निशाण लावायचे, तेही नव्हते. त्यामुळे आजूबाजूच्या जहाजांना आणि धक्क्यावरच्या हमालांना आपण कशाशेजारी उभे आहोत याची कल्पना नव्हती.

दुपारी गोदी कामगार जेवायला उतरले आणि होल्ड रिकामे झाले. याच सुट्टीत शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना फोर्ट स्टिकीनच्या हवेच्या नळकांड्यांतून धुराची रेघ निघताना दिसली. ज्यांनी पाहिली त्यांनी मनाशी म्हटले, त्या जहाजावर माणसे आहेत, त्यांना ठाऊक असेलच. कोणी हाक मारली नाही, निरोप धाडला नाही. सुट्टी संपवून कामगार परत आले तेव्हा होल्डमधून धूर वर येत होता. दोनच्या सुमारास आरडाओरडा झाला आणि आग लागल्याचे जहाजाला कळले.

पुढच्या दोन तासांत प्रयत्नांची कसर राहिली नाही. जहाजावरचे होजपाईप सुरू झाले, गोदीतले पंप लागले, मुंबई अग्निशमन दलाचे बंब आले, पाण्यावरच्या बंबबोटीही कामाला लागल्या. नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. पण आग नेमकी कुठे आहे, हेच कोणाला दिसत नव्हते. होल्डमध्ये इतका दाट धूर कोंडला होता की खाली उतरलेल्या जवानाला स्वतःचा हात दिसेना. पाण्याची धार अंदाजाने सोडली जात होती. साठलेल्या पाण्यावर गासड्या तरंगत वर, दारूगोळ्याच्या दिशेने सरकत होत्या. आतले पाणी तापून उकळू लागले होते.

आगीने आपली जागा दाखवली ती बाहेरून. जहाजाच्या डाव्या बाजूच्या पोलादी पत्र्यावर एके ठिकाणी राखाडी रंगाला फोड येऊ लागले. त्या पत्र्याच्या आड जाळ होता, यात शंका राहिली नाही. पत्रा कापून थेट तिथे पाणी घालावे म्हणून गॅसने लोखंड कापायचे यंत्र मागवले गेले, पण ते वेळेवर कामाला आले नाही.

धक्क्यावर मतांची ओढाताण चालू होती. जहाज आहे तिथेच बुडवावे, असे एक मत होते. गोदीत पाणी इतके उथळ आहे की जहाज पुरते बुडणारच नाही, असे दुसरे. ओढून बाहेर समुद्रात न्यावे, असे तिसरे. दारूगोळ्याच्या जाणकाराने धोका स्पष्ट सांगितला होता. कप्तान, गोदीचे व्यवस्थापक, लष्करी अधिकारी, अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स, सगळे तिथे हजर होते. पण अंतिम शब्द कोणाचा, हे ठरलेले नव्हते. एकाच्या हाती सगळी सूत्रे नसल्यामुळे निर्णय झाला नाही.

3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. 4 वाजून 6 मिनिटांनी फोर्ट स्टिकीन फुटले.

जहाजाचे दोन तुकडे झाले. 12 किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्यात भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली. शेजारच्या ‘जलपद्म’ जहाजाचा मागचा भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावर येऊन आदळला. पेटलेल्या कापसाचे गोळे, तापलेल्या लोखंडाचे तुकडे आणि तेल वस्तीवर बरसले. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. गोदीलगतच्या गोदामांना, चाळींना, झोपड्यांना आगी लागल्या आणि सुमारे दोन चौरस किलोमीटरचा पट्टा जळू लागला. सोन्याची एक वीट मैलभर उडून एका घराचे छप्पर फोडून आत पडली. घरमालकाने ती सरकारजमा केली.

अधिकृत आकड्यानुसार सुमारे 740 माणसे मेली आणि 1,800 जखमी झाली. प्रत्यक्षातला आकडा याहून बराच मोठा असावा, असे तेव्हापासून मानले जाते, कारण गोदीच्या आसपास राहणाऱ्या रोजंदारीच्या माणसांची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. कप्तान नेस्मिथही गेले. 80 हजारांच्या आसपास लोक बेघर झाले, 50 हजारांचा रोजगार बुडाला. गोदामांतले पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळाले, तेही बंगालच्या दुष्काळाची झळ अजून ताजी असताना. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. त्यानंतर आठ हजार माणसांनी सात महिने खपून सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसला, तेव्हा कुठे गोदी पुन्हा चालू झाली. ब्रिटिश सरकारने बातमी दाबून ठेवली होती. जपानी ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली. इथल्या वार्ताहरांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिण्याची मुभा मिळाली.

चौकशी समिती बसली. आगीचे मूळ कापसाच्या गासड्यांत असावे, असा तिचा निष्कर्ष होता. कोणा कामगाराने टाकलेले सिगारेटचे थोटूक हे संभाव्य कारण मानले गेले. दोषांची यादी मात्र थोटकापाशी थांबली नाही : दारूगोळ्याखाली कापूस भरला, लाल निशाण लावले नाही, स्फोटके उतरवायला उशीर केला, होल्डमध्ये वाफ सोडून आग कोंडण्याची सोय वापरली नाही आणि अग्निशमन दलाला उशिरा कळवले. पाचांपैकी दोन दोष उशिराचे आहेत. मला हा सगळा इतिहास इथेच सापडतो. आगीपुढे माणसे हरली ती दोन ते चार या वेळात नव्हे. ती हरली त्याआधी, जेवणाच्या सुट्टीत, जेव्हा धूर पातळ होता आणि पाहणारे गप्प होते.

जहाजावरची आग वेळेवर कशी ओळखायची, हा प्रश्न गोदीत उभा राहिला तेव्हा नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मोठ्या जहाजांवर एक साधी युक्ती आली होती. प्रत्येक होल्डमधून एक बारीक नळी वर सुकाणूच्या खोलीत आणायची. पंख्याने त्या नळ्यांतून सतत हवा ओढायची. एखाद्या नळीच्या तोंडाशी उजेडात धुराचा झोत दिसला की कोणत्या होल्डमध्ये आग आहे ते कळते. मग त्याच नळीतून उलट दिशेने कर्बवायू सोडून आगीची हवा तोडायची. युक्ती चांगली होती, पण नळीपाशी कोणीतरी पाहत असायला हवे. शिवाय नळी जिथे नाही तिथे काय? 8 सप्टेंबर 1934 ला अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जळालेल्या ‘मॉरो कॅसल’ या प्रवासी जहाजावर केबिनमध्ये आग ओळखणारी यंत्रणा होती. आग लागली ती प्रवाशांच्या लेखनकक्षात, आणि तिथे ती नव्हती. 137 माणसे गेली.

पुढे उष्णता ओळखणारे आणि धूर ओळखणारे डिटेक्टर आले. पण छताला लावलेल्या डिटेक्टरला वाट पाहावी लागते. धूर किंवा तापलेली हवा त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो मुका असतो. इंजिनरूमसारख्या उंच आणि जोराच्या हवेच्या खोलीत धूर भलतीकडेच वळतो. युद्धनौकेवर तर एका मिनिटाचीही किंमत मोठी. 17 मे 1987 ला पर्शियन आखातात ‘स्टार्क’ या अमेरिकी नौकेवर इराकी विमानाने डागलेली दोन क्षेपणास्त्रे आदळली. 37 नौसैनिक मेले आणि जहाजभर पसरलेल्या आगीशी उरलेल्यांना तासन्‌तास झुंजावे लागले. आग कुठून कुठे सरकते आहे हे दुरून, बसल्या जागी कळावे, ही गरज अशा प्रसंगांनी पुन्हा पुन्हा ठसवली.

त्या गरजेतून एक जुने जहाज कामाला आले. अमेरिकी नौदलाचे ‘शॅडवेल’, 1944 मध्येच, म्हणजे मुंबईत स्फोट झाला त्याच वर्षी, सेवेत दाखल झालेले. निवृत्तीनंतर ते अलाबामातल्या मोबील उपसागरात लिटल सँड बेटापाशी नांगरून ठेवले गेले आणि मुद्दाम आगी लावून अभ्यास करण्याची ती प्रयोगशाळा बनली. जहाजावर कमी माणसांनिशी सुरक्षितता कशी सांभाळायची, याचे प्रयोग तिथे झाले. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या सुसान रोझ-पेरसन, जेफ्री ओरुत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच एक कल्पना तपासून पाहिली : अंधारात पाहणारा साधा व्हिडिओ कॅमेरा आग ओळखू शकेल का?

त्यामागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातली सिलिकॉनची चकती माणसाच्या डोळ्यापेक्षा पुढचे पाहते. आपली नजर तांबड्या रंगाशी, सातशे नॅनोमीटरच्या आसपास संपते. सिलिकॉनला त्यापलीकडचा, हजार नॅनोमीटरपर्यंतचा अवरक्त प्रकाश दिसतो. दिवसाच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच बसवतात, रात्रीच्या कॅमेऱ्यात ती नसते. संशोधकांनी उलटी काच लावली : दिसणारा प्रकाश अडवणारी आणि अवरक्त आत येऊ देणारी. जहाजातल्या ट्यूबलाइटमध्ये अवरक्त फारच कमी असतो. त्यामुळे उजळलेली खोलीसुद्धा या कॅमेऱ्याला जवळपास काळोखी दिसते. ज्वाळा मात्र अवरक्ताने भरलेली असते. काळोख्या चित्रात ती झळाळून उठते.

याहून मोठा फायदा दुसराच होता. जहाजातल्या खोल्या पाईप, यंत्रे, कपाटे, खोकी यांनी गच्च भरलेल्या असतात. आग बहुधा कशाच्या तरी आडच लागते, कॅमेऱ्याच्या थेट नजरेत नाही. पण ज्वाळेचा अवरक्त उजेड भिंतींवर, छतावर आपटून परत येतो. कॅमेऱ्याला आग दिसली नाही तरी भिंतीवर थरथरणारी तिची झाक दिसते. संपूर्ण चित्राचा उजेड अचानक वाढला आणि वाढतच गेला, तर संगणक इशारा देतो. एखादी वस्तू तापून डोळ्यांना लाल दिसू लागण्याच्या थोडी आधीच अवरक्त उजेड सोडू लागते, तोही या कॅमेऱ्याला पकडता येतो.

एकट्या कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली तर फसगत होते. वेल्डिंगची ठिणगीही झळाळते, बल्बही तापतो. म्हणून त्याच्या जोडीला इतर साधने दिली गेली. साध्या व्हिडिओतून धुराचे हलणे ओळखणारी प्रणाली, आवाज ऐकणारे मायक्रोफोन आणि ज्वाळेचा नेमका रंग ओळखणारे संवेदक. यातला शेवटचा भाग शेतकऱ्याला लगेच पटेल. लाकूड, कागद, कापूस, जे जे जमिनीतून उगवते त्यात पोटॅश असते, आणि जळताना पोटॅशियम 766 व 770 नॅनोमीटर या दोन ठरलेल्या ठिकाणी उजेड देते. तो दिसला की जळते आहे ते खरेच, नुसता दिवा नाही, याची खात्री वाढते. ही सगळी साक्ष एकत्र तोलून निवाडा करणाऱ्या यंत्रणेने शॅडवेलवरच्या चाचण्यांत नेहमीच्या डिटेक्टरांच्या तोडीचे, आणि ज्वाळेच्या आगीत त्यांच्याहून चपळ काम करून दाखवले.

मग हा कॅमेरा फोर्ट स्टिकीनच्या दोन नंबरच्या होल्डमध्ये असता तर मुंबई वाचली असती का? याचे उत्तर सरळ हो असे देता येत नाही. गासड्यांच्या पोटात धुमसणाऱ्या आगीला ज्वाळा नव्हती, म्हणून भिंतीवर झाकही पडली नसती. रात्रीचा कॅमेरा तिथे पहिल्या टप्प्यात आंधळाच राहिला असता. तिथे उपयोगी पडली असती हवा हुंगणारी नळी, किंवा धुराची हालचाल ओळखणारा साधा व्हिडिओ. आणि डाव्या पत्र्यावरचा तो तापलेला डाग? तो रंगाला फोड येण्याच्या कितीतरी आधी आजच्या उष्णतादर्शी कॅमेऱ्याने, शरीराच्या उबेएवढीही ऊब टिपणाऱ्या त्या दुसऱ्या जातीच्या यंत्राने, धक्क्यावरून दाखवला असता. गुदमरलेल्या जवानांना अंधारात धार सोडावी लागली नसती. वेगवेगळ्या आगींना वेगवेगळी नजर लागते, हे शॅडवेलच्या प्रयोगांनी शिकवले. मुंबईच्या आगीने तेच आधी, फार मोठी किंमत घेऊन दाखवले होते.

जहाजांच्या आगी इतिहासजमा झालेल्या नाहीत. जुलै 2024 मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत ‘ब्रह्मपुत्रा’ या युद्धनौकेला आग लागून एक नौसैनिक गेला. 9 जून 2025 ला केरळच्या किनाऱ्यापासून दूर ‘वान हाय 503’ हे कंटेनरवाहू जहाज पेटले. ते कोलंबोहून न्हावा शेवाकडे येत होते, त्याच बंदराकडे जिथे आयात तुरीचे कंटेनर उतरतात आणि लातूरच्या डाळ मिलांची वाट धरतात. त्यावरच्या 22 खलाशांपैकी 18 जणांना वाचवता आले, चौघे बेपत्ता झाले. समुद्रापासून चारशे किलोमीटर आत असलेल्या चाकूरच्या माणसाचा बाजारभाव या जहाजांशी बांधलेला आहे. आंतरराष्ट्रीय नियमही आता हलले आहेत. वाहने वाहून नेणाऱ्या प्रवासी जहाजांच्या वाहनकक्षांत व्हिडिओ देखरेख बंधनकारक करणारी दुरुस्ती 1 जानेवारी 2026 पासून लागू झाली.

14 एप्रिल हा दिवस चाकुरात आणि साऱ्या महाराष्ट्रात बाबासाहेबांच्या जयंतीचा. त्याच दिवशी देशभर राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, गोदीत गेलेल्या त्या 66 जवानांच्या स्मरणार्थ. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे आणि त्या दिवसापासून आठवडाभर आगीपासून बचावाचे धडे दिले जातात.

हा धडा गावापर्यंत यायला हवा. जिनिंगचे आवार, बाजार समितीची गोदामे, सोयाबीनच्या गंज्या, शाळेतले विजेचे जुने बोर्ड, आग यांनाही लागते. आज गोदामागणिक सीसीटीव्ही आहे. पण तो बहुतेक ठिकाणी चोरासाठी बसवलेला असतो आणि त्याचे चित्रण घटना होऊन गेल्यावर पाहिले जाते. त्याच कॅमेऱ्यांना आग ओळखायला शिकवता येते, तशा प्रणाली आता बाजारात मिळतात. जिथे लाखोंचा माल आणि माणसांचा जीव आहे, तिथे मालकांनी आणि बाजार समित्यांनी तो खर्च करावा. आणि यंत्र असो वा नसो, धूर दिसल्यावर पहिली हाक कोणी द्यायची, कोणाला द्यायची आणि त्यानंतर हुकूम कोणाचा चालायचा, हे आगीआधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे. अग्निशमन दलाचा क्रमांक 101 आहे, आणि 112 वरूनही मदत मिळते. धूर दिसला तर दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल असे समजू नका, फोन तुम्हीच करा.